इंग्लिशमध्ये कॉमा कुठे घालायचा: गोव्यातल्या मराठी मुलांसाठी, अगदी पहिल्यापासून

मागच्या पावसाळ्यात पेडण्याकडची एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागून तिला दोन वर्षं झालेली, बोलायला एकदम फाडफाड, गेस्टशी बोलताना कुठे म्हणून अडत नाही, पण लिहायची वेळ आली की हात थांबतो. तिने मोबाईलवर मला तिचा रजेचा मेल दाखवला. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स, माय मदर इज सिक, शी इज ॲडमिटेड इन म्हापसा, सो आय कॅनॉट कम टुमॉरो, प्लीज ॲडजस्ट.' रजा मिळाली, पण उत्तराच्या खाली एक ओळ होती, 'प्लीज राइट प्रॉपर इंग्लिश.' आई दवाखान्यात आणि वर हे असं उत्तर, तिला किती लागलं असेल ते मला तिच्या तोंडावरच दिसत होतं.

तिला इंग्लिश येत नाही असं नव्हतंच हो. मेलमध्ये पाच कॉमा आणि शेवटी एकच पूर्णविराम, एवढाच काय तो मुख्य घोळ होता. आणि तो घोळ मराठीतून आलेला आहे. मराठीत आपण 'बाजारात गेलो, बांगडे घेतले, बस मिळाली नाही, चालत घरी आलो' असं सरळ लिहितो आणि ते मराठीत चालतं, मीसुद्धा इथे तसंच लिहितेय. मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी येतं, 'गेलो', 'घेतले' आलं की वाक्य संपलं हे कानाला कळतं, कॉमा असो नसो. इंग्लिशमध्ये क्रियापद कर्त्याच्या लगेच मागे येऊन बसतं आणि पुढे वाक्य लांबत जातं, त्यामुळे ते कुठे संपलं हे चिन्हानेच सांगावं लागतं. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तर निम्मं काम झालं असं समजा.

आपल्याकडे खूप मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्लिश मिडियममध्ये जातात, मीपण तशीच गेले. इंग्लिश विषय आधीपासून असतो, पण पाचवीत सायन्सपासून इतिहासापर्यंत सगळंच इंग्लिशमध्ये येऊन पडतं आणि कॉमाबिमा शिकवायला कुणाला वेळ नसतो. मग कुणीतरी सांगतं, 'श्वास घ्यायला थांबतोस ना, तिथे कॉमा घाल.' पहिली पायरी हीच, की हे विसरा. श्वास प्रत्येकाचा वेगळा असतो, दम्याच्या माणसाला दर दोन शब्दांनी कॉमा लागेल. कॉमा वाक्याच्या बांधणीवर ठरतो. हा शब्दच मुळात ग्रीक, त्याचा अर्थ कापलेला तुकडा. तेव्हा कॉमा घालताना एवढंच विचारायचं, की इथे तुकडा पडतोय का, आणि पडतोय तर कसला.

तुकडा ओळखायचा तर आधी क्रियापद सापडलं पाहिजे. ही दुसरी पायरी आणि इथे घाई करू नका, आठवडा गेला तरी चालेल. वाक्य घ्यायचं, त्याच्या अलीकडे 'येस्टरडे' लावायचं आणि बघायचं कुठला शब्द बदलतो. 'आय गो टू पणजी' चं 'येस्टरडे आय वेंट टू पणजी' झालं, म्हणजे 'गो' हे क्रियापद. 'शी वॉन्ट्स टू वर्क इन वास्को' मध्ये 'वॉन्ट्स' चं 'वॉन्टेड' होतं, 'टू वर्क' तसंच राहतं, म्हणून 'टू वर्क' हे त्या वाक्याचं मुख्य क्रियापद नाही. 'वर्किंग' एकटा असेल तर तोही नाही, त्याच्या अलीकडे 'ॲम, इज, आर' लागतं आणि बदलतं ते 'ॲम'. सापडलं की पेन्सिलीने गोल करायचा आणि त्याचा मालक कोण, म्हणजे कर्ता कोण, त्याच्याखाली रेघ मारायची. रेघ अधिक गोल म्हणजे एक पूर्ण वाक्य. पोरांना हे आधी कंटाळवाणं वाटतं, पण आठव्या दिवशी तीच पोरं 'टीचर, हांगा दोन वाक्यां आसात' म्हणून मला दाखवायला लागतात.

मग तिसरी पायरी, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन पूर्ण वाक्यं शेजारी शेजारी आली तर मधे नुसता कॉमा घालायचा नाही. 'माय मदर इज सिक, शी इज ॲडमिटेड' हे म्हणूनच चुकलं, 'मदर' च्या मागे 'इज' आहे आणि 'शी' च्या मागेही 'इज' आहे, दोन मालक, दोन क्रियापदं. इथे तीन गोष्टी चालतात. एक, पूर्णविराम द्या आणि नवीन वाक्य कॅपिटलने सुरू करा, नवीन शिकणाऱ्याने डोळे मिटून हेच करावं. दोन, कॉमा घाला आणि त्याच्यामागे 'फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो' या सातांपैकी एक शब्द लावा, इंग्लिशमध्ये यांच्या पहिल्या अक्षरांवरून 'फॅनबॉइज' म्हणून लक्षात ठेवतात. तीन, अर्धविराम, तो सहा महिने बाजूला ठेवा.

'हाउएव्हर', 'देअरफोर' आणि 'देन' त्या सातांत नाहीत हं. 'आय वेटेड फॉर अ कदंबा बस, देन आय टुक अ टॅक्सी' असं सगळेच लिहितात, पण तिथे पूर्णविराम पाहिजे, नाहीतर 'अँड देन'. आणि 'अँड' दिसला म्हणून लगेच कॉमा घालायचा नाही. 'आय मिस्ड द बस अँड वॉक्ड होम' मध्ये 'वॉक्ड' ला स्वतःचा मालक नाही, तोच 'आय' दोन्ही कामं करतोय, म्हणून कॉमा नको. 'आय मिस्ड द बस, अँड माय ब्रदर केम टू पिक मी अप', इथे दुसरा मालक आला, कॉमा पाहिजे.

आता हे वापरून त्या मुलीचा मेल आम्ही दोघींनी बसून नीट केला, बाहेर धो धो पाऊस आणि लाईट दोनदा गेली, पण केला. 'डिअर सर, माय मदर इज सिक अँड हॅज बीन ॲडमिटेड टू अ हॉस्पिटल इन म्हापसा, सो आय कॅनॉट कम टुमॉरो. कुड यू प्लीज ग्रँट मी वन डेज लीव्ह?' दोन वर्षं काम करते हे रजेच्या मेलमध्ये नकोच होतं, ते काढलं. 'सो' च्या अलीकडचा तिचा कॉमा मात्र पहिल्यापासून बरोबर होता आणि मी तिला ते मुद्दाम दाखवलं, कारण सगळंच चुकलं असं वाटलं की माणूस लिहायचंच सोडून देतो.

चौथी पायरी, मराठीच्या जोड्या. 'जो अभ्यास करतो, तो पास होतो' हे मराठीत सुंदर वाक्य आहे. त्याचं जसंच्या तसं इंग्लिश केलं की 'द बॉय हू स्टडीज, ही पासेस' होतं. इंग्लिशमध्ये 'तो' लागत नाही आणि कॉमाही लागत नाही, 'द बॉय हू स्टडीज पासेस.' आपल्याला ते थांबल्याशिवाय वाचायला अवघडल्यासारखं होतं, पण कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामधे एकटा कॉमा कधीच घालायचा नाही, कर्ता कितीही लांब असला तरी. 'द मॅनेजर ऑफ द रेस्टॉरंट निअर द चर्च, इज ऑन लीव्ह' हे चूक, तो कॉमा उडवा.

तसंच 'जरी' आणि 'तरी'. आपल्याला दोन्ही लागतात, इंग्लिशला एकच पुरतो. 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' नाही, एकतर 'ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेंट', नाहीतर 'इट वॉज रेनिंग, बट वी वेंट'. 'जेव्हा' आणि 'तेव्हा' चं पण हेच, 'व्हेन द गेस्ट केम, देन आय कॉल्ड यू' मधला 'देन' काढून टाका.

आणि 'की'. मराठीत 'तो म्हणाला, की उशीर होईल' असं कॉमा घालून लिहायची पद्धत आहे, त्यावरून मुलं 'ही सेड, दॅट ही वुड बी लेट' लिहितात. 'दॅट' च्या अलीकडे कॉमा नको, 'ही सेड दॅट ही वुड बी लेट.' त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात दिले तरच कॉमा, 'ही सेड, "आय विल बी लेट."' गंमत अशी, की मराठीतली ही चिन्हं मुळात इंग्लिशमधूनच आली. मोडीत सलग लिहायचे, विरामचिन्हं नव्हती, एकोणिसाव्या शतकात ती मराठीत रुळली आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. आपण ती घेतली आणि आपल्या भाषेच्या सोयीने वापरली, त्यात गैर काहीच नाही, फक्त परत इंग्लिशमध्ये जाताना त्यांचे नियम आठवायचे.

'बिकॉज' चं जरा वेगळं आहे. बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे कॉमा लागत नाही, पण वाक्यात 'नॉट' असेल तर थांबून विचार करा. 'आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी', म्हणजे नोकरी सोडली नाही ती पगारामुळे, की सोडली पण कारण पगार नव्हतं? दोन्ही अर्थ निघतात. पगारामुळे टिकलो असं सांगायचं असेल तर 'जॉब' नंतर कॉमा. पण मी म्हणेन वाक्यच बदला, 'आय स्टेड बिकॉज ऑफ द सॅलरी'.

पाचवी पायरी सोपी आहे. मुख्य वाक्याच्या आधी काही प्रस्तावना आली तर ती संपल्यावर कॉमा. 'व्हेन द टॅक्सी कम्स, आय विल कॉल यू.' तेच उलटं केलं तर नको, 'आय विल कॉल यू व्हेन द टॅक्सी कम्स.' हा कॉमा विसरला तर काय होतं बघा, 'व्हाइल वी वेअर कुकिंग द गेस्ट अराइव्ड', वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं आपण गेस्टलाच शिजवतोय. 'कुकिंग' नंतर कॉमा आला की गेस्ट सुखरूप. 'ऑन संडे' सारख्या दोनतीन शब्दांच्या प्रस्तावनेला नाही घातला तरी चालतं.

सहावी पायरी, जोडीने येणारे कॉमा, हे जमलं की तुमचं लिहिणं वेगळंच दिसायला लागतं. 'माय ब्रदर, हू वर्क्स इन वास्को, इज कमिंग टुमॉरो.' मधला तुकडा बोटाने झाका, 'माय ब्रदर इज कमिंग टुमॉरो' उरतं, वाक्य धड आहे आणि कोण येतोय तेही कळतंय. म्हणजे तो तुकडा जास्तीची माहिती, त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा. एक घातला आणि दुसरा विसरला असं करू नका, कंसासारखं आहे ते, उघडला की मिटायचा. पण भाऊ तीन असतील आणि त्यातला वास्कोचा येत असेल तर तो तुकडा झाकल्यावर कुठला भाऊ ते कळणार नाही, मग कॉमा नकोत. हॉटेलात काम करणाऱ्यांनी हे एक वाक्य तर पाठच करा, 'द गेस्ट्स हू केम लेट मिस्ड ब्रेकफास्ट'. कॉमाशिवाय अर्थ असा, की जे उशिरा आले तेवढ्यांचाच ब्रेकफास्ट चुकला. 'गेस्ट्स' आणि 'लेट' नंतर कॉमा घातले की सगळेच गेस्ट उशिरा आले आणि सगळ्यांचाच चुकला. मॅनेजरला पाठवायच्या रिपोर्टमध्ये हा फरक लहान नाही.

हाक मारताना कॉमा लागतो. किचनच्या ग्रुपवर 'कॉल मी शेफ' लिहिलं तर 'मला शेफ म्हणा' असं होतं, 'कॉल मी, शेफ' लिहिलं तर 'शेफ, मला फोन करा'. 'गुड मॉर्निंग, सर' मध्येही तसाच.

यादीचा कॉमा सगळ्यांना येतो, 'फिश, राइस अँड सोलकढी'. भांडण एवढंच, की शेवटच्या 'अँड' च्या अलीकडे घालायचा की नाही. त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकेत पुस्तकांत बहुतेक घालतात, आपल्याकडच्या पेपरांत बहुतेक नाही, दोन्ही बरोबर. पण तो नसल्याने अमेरिकेतल्या मेन राज्यात ओखर्स्ट डेअरीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. तिथल्या कायद्यात कुठल्या कामाला ओव्हरटाइम नाही त्याची यादी होती आणि यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असं होतं, 'ऑर' च्या अलीकडे कॉमा नाही. ड्रायव्हर म्हणाले, इथे एकच काम लिहिलंय, पॅकिंगचं, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही माल पोचवतो, आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये कोर्टाने कायदा संदिग्ध आहे म्हणत ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. माझा सल्ला, घोळ होण्यासारखा असेल तर घाला, जसं मेन्यूवर 'टी, ब्रेड अँड बटर, अँड ऑम्लेट'.

दोन विशेषणांच्या मधे कॉमा हवा का हे बघायला तिथे 'अँड' लावून बघा. 'अ क्लीन अँड क्वाएट बीच' जमतं, म्हणून 'अ क्लीन, क्वाएट बीच'. 'ॲन ओल्ड अँड पोर्तुगीज हाउस' कानाला खटकतं, म्हणून फोंतायनासमधलं घर 'ॲन ओल्ड पोर्तुगीज हाउस', कॉमा नाही.

आकडे आणि तारखा. आपण १,५०,००० लिहितो, परदेशी गेस्टच्या बिलावर तेच १५०,००० होतं, रक्कम तीच. रशिया, पोर्तुगाल, जर्मनीकडे दशांशासाठी टिंबाऐवजी कॉमा वापरतात, तेव्हा रशियन गेस्टने टॅक्सीसाठी '२,५ अवर्स' लिहिलं तर ते अडीच तास, दोन किंवा पाच नव्हेत. तारीख '१९ डिसेंबर १९६१' अशी लिहिली तर कॉमा लागत नाही, अमेरिकन पद्धतीने महिना आधी आला तर लागतो, 'ऑन डिसेंबर १९, १९६१, गोवा वॉज लिबरेटेड', आणि वर्षानंतरचाही विसरायचा नाही. मेलमध्ये 'डिअर सर' नंतर कॉमा, शेवटी 'युअर्स फेथफुली' नंतर कॉमा, नाव घालून 'डिअर मिस्टर' अमुक लिहिलं तर शेवटी 'युअर्स सिन्सिअरली'. आणि टाइप करताना कॉमाच्या आधी स्पेस नाही, नंतर एक स्पेस, मोबाईलवर नेमकं उलटं होतं.

कॉमाशिवाय तीन गोष्टी त्या मेलमुळे सांगते. 'सिन्स' च्या मागे सुरुवात कधी झाली ते येतं, 'सिन्स २०२३', आणि 'फॉर' च्या मागे किती काळ ते, 'फॉर टू इयर्स', आणि काम अजून चालू असेल तर 'आय ॲम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग'. 'ही, शी, इट' आले की क्रियापदाला 'एस', 'शी वर्क्स'. आणि मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत म्हणून ते गळतात. कुठलातरी एक असेल तर 'अ', दोघांनाही माहीत असलेला तोच असेल तर 'द'. पहिल्यांदा 'अ गेस्ट केम', पुढच्या ओळीत 'द गेस्ट आस्क्ड फॉर वॉटर'.

सरावाचं सांगते. घरी येणारा कुठलाही इंग्लिश पेपर घ्या, नवहिंद टाइम्स असो की १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये इंग्लिश झालेला हेराल्ड, आणि आतल्या पानावरची एक छोटी बातमी निवडा, दहाबारा ओळींची. क्रियापदांना गोल, कर्त्याला रेघ, मग प्रत्येक कॉमापाशी थांबून वहीत लिहा हा कुठला, यादीचा, प्रस्तावनेचा, जोडीचा, हाकेचा की सातांपैकी एकाच्या अलीकडचा. नाही सापडला तर प्रश्नचिन्ह घालून पुढे जा, पेपरवालेही चुकतात. दहापंधरा मिनिटं पुरेत. मग स्वतःच्या दिवसाबद्दल चार वाक्यं लिहा, चारही पूर्णविरामाने संपणारी, त्यात कॉमा आलाच पाहिजे असं काही नाही.

मोबाईल, कॉम्प्युटर चुका दाखवतात, वापरा, पण निळी रेघ दिसली की लगेच दाबू नका, आधी स्वतः सांगा काय चुकलंय, मग दाबून बघा. वास्कोच्या भावाच्या वाक्यात भाऊ एक की तीन हे त्या ॲपला कुठून कळणार, ते तुम्हालाच माहीत.

त्या मुलीने परवा मला एक मेल दाखवला, गेस्टला पाठवायच्या आधी. सहा वाक्यं, तीन कॉमा. एका कॉमावर बोट ठेवून म्हणाली, 'टीचर, हा मी प्रस्तावनेचा म्हणून घातलाय, पण इथे दोनच शब्द आहेत, काढू?' मी म्हटलं दोन्ही चालतं, तुला काय वाटतं ते कर. तिने दोनदा वाचून बघितलं, तो काढला आणि मेल पाठवून दिला.